व्यसनमुक्ती आणि घराचा बांध



आजचा विषय चावडीवर निघत नाही, शाळेच्या पालकसभेत निघत नाही, आणि रविवारी आमच्या देवळातही निघत नाही. (आम्ही ख्रिस्ती मंडळीही उपासनेच्या जागेला देऊळच म्हणतो, म्हणून तो शब्द वापरला.) विषय असा: घरातला एखादा माणूस दारूतून बाहेर पडू पाहतो आहे, किंवा अजून पडू पाहत नाही. अशा वेळी घरच्यांनी त्याला हात कुठवर द्यायचा, आणि कुठं आखडता घ्यायचा? दारू वाईट, हे सांगायला माझी गरज नाही. ते पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांच्या आधी त्यालाच ठाऊक असतं.

मी प्राथमिक शाळेचा निवृत्त शिक्षक. गाव कराडच्या अलीकडं. शेतकऱ्याच्या घरात वाढलो, म्हणून बोलताना शेतातलंच तोंडी येतं. माण-खटावच्या किंवा आटपाडी-जतच्या कोरड्या रानात ज्यानं शेती केली असेल, त्याला बांधाचं मोल विचारावं. बांध नसला तर वळवाचा एकच पाऊस माती घेऊन जातो. बांध असला तर तेच पाणी रानात मुरतं. पण शेजारी दर नांगरटीला एकेक तास बांध कोरत आला, आणि आपण 'जाऊ दे, भाऊच आहे' म्हणत राहिलो, तर दहा वर्षांनी बांधही राहत नाही आणि भाऊपणही राहत नाही. मग दोघांची गाठ कोर्टात पडते. व्यसनी माणसाच्या घरात असंच होतं. बांध एका रात्रीत फुटत नाही, तो हळूहळू कोरला जातो, आणि निम्मा तर आपणच कोरून देतो.

माझ्या घरचंच सांगतो. माझा धाकटा भाऊ सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्यावर कामाला होता. आमच्या आईच्या लेखी तो काही परका मुलूख नव्हता. १९६० पर्यंत त्या जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, आणि ती शेवटपर्यंत तसंच म्हणायची. भाऊ आधी पगाराच्या दिवशी प्यायचा, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. गुत्त्यावर उधारी झाली की निरोप माझ्याकडं यायचा. मी फेडायचो. घराण्याची अब्रू, दुसरं काय! एकदा तर त्याच्या साहेबांना द्यायला म्हणून मी माझ्या हातानं अर्ज लिहून दिला, 'ताप आल्यामुळे तीन दिवस कामावर हजर राहू शकलो नाही.' पोरांना फळ्यावर रोज सुविचार लिहून देणारा तोच हात, आणि तेच वळणदार अक्षर. तेव्हा वाटलं, भावाची नोकरी वाचवली. आज वाटतं, मी त्या दिवशी फक्त त्याची दारू वाचवली.

हे थांबवलं ते मी नव्हे. माझ्या भावजयीनं थांबवलं. चौथी शिकलेली बाई. एका संध्याकाळी डोक्यावरचा पदर सावरीत ती मला म्हणाली, "भावजी, रागावू नका. तुम्ही पैसे देता म्हणून हे पितात, असं मी म्हणत नाही. पण गुत्तेवाला ह्यांना उधार देतो, तो तुमच्या नावावर देतो."

मला उत्तर सुचलं नाही. गुत्तेवाल्याच्या वहीत भावाच्या नावापुढं कंसात 'गुरुजी' असं लिहिलेलं असायचं, हे मला पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाऊ शुद्धीवर असताना, तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि आवाज न चढवता चार गोष्टी सांगितल्या. दारू पिऊन आलात तर जेवण झाकून ठेवीन, पण आत मुली झोपतात, तुम्ही बाहेर सोप्यात झोपायचं. उधारी ज्याची त्यानं फेडायची. कारखान्यातून कुणी विचारायला आलं तर मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगत सुटणारही नाही. आणि माझ्या अंगाला हात लावलात तर त्या दिवशी मुली घेऊन माहेरी जाईन. एवढंच. शिवी नाही, शाप नाही, रडणं नाही. प्यालेल्या माणसाशी रात्री भांडण्यात आम्ही आठ वर्षं घालवली होती. तिनं सकाळची दहा मिनिटं वापरली.

आई मात्र संतापली. "मायेला कुठं बांध असतो का गं?" असं म्हणाली.

प्रश्न आईचा खरा होता, आणि तो ख्रिस्ती घरात जास्तच टोचतो. लहानपणापासून आम्हांला क्षमा करा, दुसरा गाल पुढं करा, असंच शिकवलेलं. मग दाराला आतून कडी लावणारी बाई ख्रिस्ती कशी? मी त्या रात्री लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढून बसलो. उधळ्या पुत्राचा दाखला. तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. धाकटा मुलगा बापाकडून आपली वाटणी मागून घेतो, दूर देशी जाऊन ती उधळतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते, शेवटी तो घरी परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. आम्ही हा दाखला नेहमी त्या मिठीपासून सांगायला लागतो. मिठीच्या अगोदर काय आहे ते त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचलं.

बाप त्या दूर देशी मनीऑर्डर पाठवीत नाही. नोकराच्या हाती धान्याचं पोतं पाठवीत नाही. तिकडच्या सावकाराला 'माझ्या मुलाला उधार द्या' असा निरोप देत नाही. आणि दाखल्यात एक बारीकसं वाक्य आहे की डुकरांच्या शेंगा खाऊन पोट भरावं असं त्या पोराला वाटायचं, पण कुणी त्याला काही देत नव्हतं. त्याच्या लगेच पुढं काय येतं? तो भानावर येतो. आता, उपाशी ठेवलं की माणूस सुधारतो असा नियम मी ह्यातून काढणार नाही. पण त्याच्या आणि त्याच्या कर्माच्या फळाच्या मध्ये बाप जाऊन उभा राहिला नाही, एवढं तर उघड आहे. आणि त्याच बापाला पोरगा अजून दूर असतानाच दिसतो. म्हणजे बापाची नजर वाटेवर होती. त्यानं पैसे पाठवले नाहीत आणि दारही लावून घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या शेतकरी माणसाला चटकन समजेल. पोरगा परत आल्यावर बापानं झगा दिला, अंगठी दिली, वासरू कापलं. पण सातबारा पुन्हा मांडला नाही. थोरला रुसून बाहेर उभा राहिला तेव्हा बाप त्याला सांगतो की माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. धाकट्याची वाटणी संपली ती संपली. त्याला घर मिळालं, मान मिळाला, जेवण मिळालं. क्षमा केली म्हणजे तिजोरीची किल्ली त्याच दिवशी हातात द्यायची, असं ह्या दाखल्यात कुठंही नाही.

पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकाच अध्यायात दोन गोष्टी येतात, आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या उलट वाटतात. एकदा तो म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. आणि तीनच ओळींनी म्हणतो, प्रत्येकानं आपला भार आपण वाहावा. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. एक अंगावर कोसळणाऱ्या जड ओझ्याचा, आणि दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या गाठोड्याचा. पण हे समजायला ग्रीक कशाला हवं? आपल्या बायका रोज रानातून भारा आणतात. भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, उचलू लागायला दुसरी लागते. ती हात देते, चुंबळ नीट करते, भारा डोक्यावर बसला की बाजूला होते. घरापर्यंत चालायचं ते भारेवालीनंच. व्यसन सुटताना घरच्यांनी एवढंच करायचं असतं, आणि तेवढं मात्र खरोखर करायचं असतं. दवाखान्यात नेणं, सोबत बसणं, तो आत असताना घर-शेत सांभाळणं, हे उचलू लागणं झालं. त्याची उधारी, त्याचे खोटे अर्ज आणि 'आज नको' म्हणण्याचं त्याचं काम, हा त्याचा भारा.

भावाचं पुढं काय झालं ते सांगतो. सुधारला नाही. आधी बिघडला. कामावरून काही दिवस कमी केलं, एस.टी. स्टँडवर झोपू लागला. तिसऱ्या आठवड्यात मी गुपचूप जाऊन त्याच्या खिशात शंभराची नोट ठेवून आलो. भावजयीनं घातलेला बांध मीच कोरला. ती मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं. सहाव्या की सातव्या आठवड्यात एका पहाटे तो माझ्या दारात आला, हात थरथरत होते. म्हणाला, "दादा, मला कुठंतरी नेऊन सोड. माझ्यानं एकट्यानं व्हायचं नाही."

इथं एक इशारा, आणि तो कानाला खडा लावून ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातापायांना कंप सुटतो, झटके येऊ शकतात, भास होऊ लागतात. त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून चिडून त्याला खोलीत कोंडू नका, बांधून घालू नका. डॉक्टर गाठा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजार म्हटला की लोक मिरज म्हणतात; डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना उभारला तेव्हापासूनची ही सवय. पोटाच्या दुखण्याला मिरजेला जाणारा माणूस दारूच्या दुखण्याला मात्र गंडा शोधतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९५६ सालीच दारूचं व्यसन हा आजार आहे असं मान्य केलं. साताऱ्यात 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची संस्था डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केली. देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध त्यांनी आयुष्य घालवलं आणि २०१३ साली त्यांचा खून झाला. मी प्रार्थना करणारा माणूस, पण ह्या बाबतीत त्यांच्या बाजूचा. 'पाजलेल्याला न कळता दारू सुटते' असली पुडी असो, अंगारा असो, की आमच्यातल्या एखाद्या प्रार्थनासभेतलं तेल असो, डॉक्टर टाळण्यासाठी वापरलं तर ते सारखंच. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. स्वतः त्या आजारातून उठलेला धर्मगुरू, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन. १४४४६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन केला तर जवळच्या केंद्राची माहिती मिळते, पैसे पडत नाहीत.

ज्यांना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणतात ते स्वमदत गट १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य यांच्या भेटीतून निघाले. दोघेही पट्टीचे पिणारे. पुरुष आत बैठकीला बसायचे आणि त्यांच्या बायका बाहेर वाट बघत. वाट बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की आजारी आम्हीही आहोत. दिवसभर त्याचाच विचार, त्याच्या पावलांचा कानोसा, त्याचे खिसे तपासणं. आमचं म्हणून आयुष्यच उरलं नाही. त्यातूनच १९५१ साली घरच्यांसाठी वेगळे गट सुरू झाले, त्यांना अल-अ‍ॅनॉन म्हणतात. मला ह्या गोष्टीचं नवल वाटतं, कारण माझी भावजय त्या बायकांना ओळखत नव्हती, आणि तरी तेच बोलत होती.

बायकांवरून आठवलं. मार खाणाऱ्या बाईला आमच्यातले काही वडीलधारे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याचं वचन ऐकवतात आणि परत नांदायला पाठवतात. मला हे पटत नाही, आणि आता वय झाल्यावर मी ते तोंडावर सांगतो. तोच अध्याय थोडा वरून वाचावा. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला कळव. म्हणजे झाकपाक करायला कुठंही सांगितलेलं नाही. क्षमा मनात करावी, पण मार चुकवायला घर सोडावं लागलं तर सोडावं. घरातल्या छळापासून बाईला संरक्षण देणारा कायदाही २००५ साली झाला आहे. माणूस शुद्धीवर असताना दोघातिघांनी जाऊन बसण्याची ही रीत आपल्या गावाला नवी नाही. गावात बाटली आडवी करायला मतदानाला उतरणाऱ्या बायका आणखी काय करतात?

भाऊ सव्वा महिन्यानं केंद्रातून परत आला. आम्हांला वाटलं, संपलं. खरं काम तिथून सुरू झालं. आता बांध घालायची पाळी त्याची होती, आणि सगळ्यांत आधी तो माझ्याशी भांडला. तो घरी आला की मी बोलता बोलता त्याच्या जवळ सरकायचो. एक दिवस म्हणाला, "दादा, माझ्या तोंडाचा वास घ्यायचं सोड. प्यालो तर मीच सांगेन." बरोबर होतं त्याचं. दाखल्यातला थोरला भाऊ होण्याची हौस आपल्याला फार असते. मागची आठ वर्षं रोज ताटात वाढायची नाहीत, हाही एक बांध आहे, आणि तो घरच्यांनी पाळायचा आहे.

त्यानं स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या. पगार भावजयीच्या हातात; आता तर फोनवरून पैसे जातात, तेव्हा तो फोनही संध्याकाळी तिच्याकडं. बाजाराच्या दिवशी जुन्या वाटेनं यायचं नाही, अर्धा मैल जास्त पडला तरी. वरातीत जायचं नाही, लग्नाला अक्षतांपुरतं. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला न आंबवलेला द्राक्षरस असतो, तरी पहिलं वर्षभर त्यानं नुसती भाकर घेतली. पाळकांना आधी सांगून ठेवलं, कुणी भुवई वर केली नाही.

वारकऱ्यांचा मला ह्या बाबतीत हेवा वाटतो. गळ्यात माळ घातली की कुणी आग्रह करत नाही. 'माळकरी आहे' म्हटलं की पंगतीतला मटणाचा वाढपीही पुढं सरकतो. आम्हां ख्रिस्ती माणसांकडं अशी दिसणारी खूण नाही. आमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही असावं, एवढीच येशूची शिकवण. भाऊ सुरुवातीला कारणं सांगायचा: गोळ्या चालू आहेत, पित्त झालंय. कारण सांगितलं की मित्र त्यावर उपाय सांगायचे! मग त्यानं नुसतं 'नाही, मी पीत नाही' म्हणायला सुरुवात केली. तीन-चारदा म्हणाल्यावर लोकांनी विचारायचं सोडलं.

मधे एकदा घसरला. दिवाळीच्या सुमारास, दोन दिवस. भावजयीनं पूर्वीचंच केलं: ताट झाकलं, कडी लावली. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन केंद्रात गेला आणि तिनं आल्यावर काही विचारलं नाही. मातीच्या बांधालाही सांडवा ठेवावा लागतो. नाही तर जास्तीच्या पाण्यानं अख्खा बांध जातो.

आमच्या भावकीतच दुसरं एक घर आहे. त्या घरच्या बाईनंही हेच सगळं केलं. तिचा नवरा परत आला नाही. यकृत गेलं, तो वारला. ती मला अजून विचारते, "गुरुजी, मी कडी लावली नसती तर?" मी तिला मार्कमधला श्रीमंत तरुण सांगतो. येशूनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्कनं लिहिलं आहे. तरी तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, आणि येशू त्याच्या मागं धावला नाही, अटही कमी केली नाही. प्रीती कमी पडली म्हणून तो गेला असं कोण म्हणेल? ती ऐकून घेते. पुढच्या भेटीला पुन्हा विचारते. मी पुन्हा सांगतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. अशा घरातलं मूल वर्गात ओळखू येतं. गृहपाठ नसतो, डबा नसतो, पण बापाविषयी विचारलं तर ते सफाईनं खोटं बोलतं. घरानं त्याला तेच काम दिलेलं असतं. त्याला चारचौघांत विचारू नका. एकट्याला बोलवा, आणि बापाची दारू सोडवणं हे तुझं काम नाही, एवढं सांगा. माझ्या पुतणीला तिच्या बाईंनी हे सांगितलं होतं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी झोपली, असं भावजय सांगते.

परवा भाऊ आला होता. मुलीच्या फीसाठी दोन हजार हवे होते, हंगाम संपला की देतो म्हणाला. माझा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. जुनी सवय आणि जुनी भीती, दोन्ही एकदम. त्यानं ते ओळखलं. "माझ्या हातात नको देऊस," तो म्हणाला. "शाळेत भर, आणि पावती तिच्याकडं दे." मग आम्ही दोघं चहा प्यायला बसलो.